निघालोच की

आमच्याकडे कोल्हापुरात 'निघालो' हा शब्द निघालेल्या माणसासाठी वापरत नाहीत. फोनवर कुणी 'निघालोच की' म्हणालं, तर ते माणूस आंघोळीला निघालेलं असतं, किंवा आज आंघोळ करावी का या विचारापर्यंत आलेलं असतं. 'हे काय, आलोच' म्हणालं तर कपडे घालून झालेत. 'पोचलो' म्हणालं की समजावं, आता खरोखर गाडीला किक बसली. बायकाही इथे 'निघाले' म्हणत नाहीत, पुरुषांसारखंच 'निघालो' म्हणतात, आणि त्याही निघालेल्या नसतात. माझं माहेर नाशिकचं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी बहुतेक उंबऱ्यात पर्स घेऊन उभं राहून काढलं.

त्यात माझा धंदा गणिताचा. राजारामपुरीत एका क्लासमध्ये मी दहावीला बीजगणित शिकवते, आणि वेग, वेळ, अंतर हा माझा आवडता भाग आहे. 'एक माणूस सकाळी आठ वाजता निघाला' असं फळ्यावर लिहिलं की मला बरं वाटतं. तो आठ वाजता निघालेला असतो. त्याची किल्ली सापडत नाही असं होत नाही. मला उशीर करणारी माणसं अजिबात खपत नाहीत, आणि हे मी वीस वर्षं कोल्हापुरात राहून सांगते आहे, म्हणजे माझं रक्तदाब मोजायचं यंत्र घरात का आहे ते कळेल.

या उशिरांच्या राज्याचे सम्राट म्हणजे माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या, इथल्या रीतीप्रमाणे. मामांनी आयुष्यभर दूध संघाची नोकरी केली. संघात ते वेळेवर कसे पोचत, हे मला अजून कळलेलं नाही. घरात मात्र त्यांचा 'निघालोच' हा एक स्वतंत्र प्रहर होता.

मामांचा एक ठरलेला विनोदही होता. पाव्हणे आले की चिवड्याबरोबर तो बाहेर यायचा. "हिला हिशोब सांगू नका, ही गणितात नापास हाय." आत्यांची दहावी राहिलेली, गणितामुळे राहिलेली, हे सगळ्या पै-पाव्हण्यांना माहीत होतं. आत्याही हसायच्या. मग एकदा माझी मुलगी, तेव्हा सातवीत होती, मी क्लासला गेलेली असताना शेकडेवारीचं उदाहरण घेऊन आजीकडे गेली. पेपरच्या मागून मामा म्हणाले, "तिला काय इच्यारतीस? ती नापास हाय." मी नेमकी तेव्हाच दारातून आत येत होते. आत्या या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, आणि नातीची वही बाजूला सरकवली.

आठवड्याभराने मी भाजी निवडत बसले होते, तेव्हा त्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "दहावीला बाहेरनं बसता येतंय व्हय?"

"येतं. कुणाला बसायचंय?"

"मला. नापास म्हणून मरायचं न्हाय मला."

शिकवायचं कुणी हे उघड होतं. साठीला टेकलेल्या सासूला, घरात, रोज. बाकीच्या विषयांची मला काळजी नव्हती. आमचं घर लिंगायत, आत्यांचं माहेरही. कन्नड वचनं तोंडपाठ असलेल्या बाईला इंग्रजीचा निबंध पाठ करायला काय लागतं? भूगोल तर त्या भांडी घासता घासता पाठ करत. अडत होतं ते गणितच. गणितात नापास झालं तर मामांचा विनोद खरा ठरणार होता, तोही बोर्डाच्या शिक्क्यानिशी. आत्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी फॉर्म भरला आणि कुणालाही सांगायचं नाही अशी मला शपथ घातली. मामांपासून मात्र लपवता येणार नव्हतं, कारण स्वयंपाकघरातल्या ज्या टेबलावर आम्ही बसायचो, त्याच टेबलाशी ते दिवसभर पेपर वाचत.

क्ष आणि य शी आत्यांचं भांडण नव्हतं. "म्हंजे कोण ते ठाऊक न्हाय, म्हणून पावणं म्हणायचं, तसं," असं म्हणून त्या क्ष ला लगेच घरात घेऊन मोकळ्या झाल्या. समीकरणाच्या एका बाजूचं दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह बदलतं, हेही पटलं. सासरी गेलं की बदलायचंच, म्हणाल्या. घोडं पेंड खायला लागलं ते शाब्दिक उदाहरणांपाशी.

मी सांगितलं, "लिहा. एक माणूस सकाळी आठ वाजता गावातून चालत निघाला. त्याचा वेग ताशी चार किलोमीटर. दोन तासांनी दुसरा माणूस त्याच वाटेने सायकलवरून निघाला, ताशी बारा किलोमीटर वेगाने. तर दुसरा पहिल्याला किती वाजता गाठेल?"

"चालत का निघालाय? यष्टी न्हाय?"

"नाही."

"सायकलवालं त्याचं कोण?"

"कुणी नाही."

"कुणी न्हाय तर गाठायला कशाला बघतंय?"

मी डोळे मिटून घेतले. क्लासमध्ये असं कुणी विचारलं असतं तर मी बाहेर उभं केलं असतं. सासूला बाहेर उभं करता येत नाही. मी रीत समजावली. दोघांनी कापलेलं अंतर सारखं. सायकलवाल्याचा वेळ क्ष धरला तर चालणाऱ्याचा क्ष अधिक दोन. आत्यांनी मान डोलावली, पेन्सिल ओली केली, बराच वेळ खाली मान घालून लिहीत राहिल्या आणि वही माझ्याकडे सरकवली. उत्तर होतं, पावणे अकरा.

"अकरा यायला हवं."

"कसं? आठला निघालो म्हणालाय, म्हंजे साडेआठला निघाला आसंल. मग दीडच तास फुडं हाय की त्यो."

मी तपासलं. समीकरण बरोबर, भागाकार बरोबर. पहिला माणूस खरंच साडेआठला निघाला असेल, तर सायकलवाला त्याला पावणे अकरालाच गाठतो. "आणि सायकलवाला? त्याला नाही का उशीर?" मी विचारलं. "त्याला कोण च्या पाजतंय," आत्या म्हणाल्या. मी शून्य गुण दिले.

यानंतर प्रत्येक उदाहरणाच्या सुरुवातीला आत्या एक ओळ स्वतःहून घालू लागल्या: समजा, निघायला लागलेला वेळ = न. चल दोन आणि समीकरण एक, मग उदाहरण सुटणार कसं?

"तुमच्या न मुळे सुटत नाहीये हे, आत्या."

"माझ्यामुळं न्हाय. त्या माणसामुळं."

आगगाड्या आल्या म्हणजे तरी हे थांबेल असं मला वाटलं होतं. गाडीला चहा पाजत नाहीत. म्हणून एक गाडी कोल्हापूरहून आणि एक मिरजेहून सोडली, आणि त्या कुठे भेटतील ते काढायला सांगितलं. आत्यांनी पेन्सिल उचललीसुद्धा नाही. "हातकणंगल्याला. एकच रूळ हाय. तिथं क्रॉसिंग आसतंय." आत्यांचं माहेर हातकणंगल्याजवळचं. त्यांचे वडील, आप्पा, अजून आहेत. नव्वदी जवळ आलेली, अंथरुणावरच असतात, अधूनमधून माणसं ओळखत नाहीत, पण आवाज अजून बांधापलीकडे जाईल असा. मी म्हटलं, बोर्डाला क्रॉसिंग माहीत नाही. आत्या म्हणाल्या, मग त्या गाड्या धडकतील. मी यंत्र आणून रक्तदाब मोजला.

परीक्षा जवळ येत होती आणि आमचं गाडं न पाशी रुतून बसलं होतं. शेवटी एका दुपारी मी वही मिटली आणि जरा मोठ्यानेच म्हणाले, "आत्या, गणितातलं माणूस निघालं म्हणजे निघालं. त्या क्षणी. त्याचं पाऊल उचललेलं असतं."

"बोलल्या बोलल्या?"

"बोलल्या बोलल्या."

"दारात पावणं येत न्हाईत?"

"नाही."

"आतनं कोण हाक मारत न्हाय?"

"नाही. गणितात आत असं काही नसतंच."

आत्यांनी वही परत उघडली. नंतर म्हणाल्या, "बरी माणसं हायती. असल्यात दिलं आसतं मला." मामांचा पेपर जरा हलला. त्या दिवसापासून वहीतून न गेला आणि उदाहरणं सुटू लागली. मला वाटलं, मी शिकवण्यात जिंकले. आपल्याला काय वाटेल याला काही मर्यादा नसते.

मग वर्गसमीकरणं आली. एक गाडी तीनशे साठ किलोमीटर जाते. वेग दहाने जास्त असता तर तीन तास कमी लागले असते. तर गाडीचा वेग किती? आत्यांनी पूर्ण सोडवलं. दोन उत्तरं आली, तीस आणि उणे चाळीस. मी खूश झाले. म्हटलं, "तीस लिहा. उणे चाळीस सोडून द्यायचं."

"का?"

"वेग उणे नसतो."

"म्हंजे ही गाडी माघारी चाललीया."

"तशी गाडी नसते, आत्या."

"आसती तर बसलो आसतो की," त्या म्हणाल्या.

मी सहज विचारलं, "कुठे जायला?"

"पेपरला."

मला कळलं नाही. आत्यांनी पेन्सिल वहीत ठेवली, आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. "मी नापास न्हाय झालो. मी बसलोच न्हाय गणिताला. बाकीचं पेपर दिलं हुतं. गणिताला आप्पा फटफटीवरनं सोडणार हुतं हातकणंगल्याला. मी पॅड घिऊन दारात. तेवढ्यात पावणं आलं. पावण्यास्नी सोडून आप्पा कसं उठणार? अव्वानं, माझ्या आईनं, च्या केला. मी दारातनं हाक मारली, आप्पा आतनं म्हणालं, निघालोच की. परत हाक मारली, निघालोच की. पावणं उठलं तवा आम्ही निघालो. शाळंचं गेट बंद झालं हुतं."

मी गणिताची बाई. मला राहवलं नाही. "चालत किती लांब होतं?"

"तासाभराची वाट. त्यापरास जास्त येळ तर मी दारात हुतो."

"मग चालत का नाही गेलात?"

"आप्पा म्हणत हुतं की निघालोच," आत्या म्हणाल्या. "निघालोच म्हणणाऱ्या माणसाला टाकून कसं जायाचं?"

मला त्या दारात उभ्या असलेल्या मुलीचा राग आला, आप्पांचा त्याहून आला आणि त्या पाव्हण्यांचा तर इतका आला की मी टेबलावर हात आपटला. "कोण होते हे पाव्हणे? एवढं काय काम होतं त्यांचं?"

आत्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी पेपर खाली घेतला होता.

"ह्यांचं वडील," आत्या म्हणाल्या. "आन हे. स्थळ इच्यारायला आलते. न सांगता."

मामांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "दारात एक पोरगी हुती खरी. पॅड हुतं हातात. मला वाटलं शेजारची आसंल."

"मीच."

"मी दुसरा कप बी घेतला हुता."

"व्हय. बशीत वतून. फुकून फुकून."

"तू कवा बोलली न्हाईस."

"कुणाला सांगू? ज्यास्नी सांगायचं ती सगळी च्या प्यायलेली." आत्यांनी पेन्सिल उचलली. "लगीन ठरलं, मग गणिताचं कुणी इच्यारलंच न्हाय. गैरहजर म्हंजे नापासच. फुडचं सांग गं, उणे चाळीस खोडायचं का नुसतं सोडायचं?"

"कारण लिहून सोडायचं," मी म्हणाले. वेग ऋण नसतो म्हणून, असं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं.

मामांचा विनोद त्या दिवशी संपला. त्यांनी त्याबद्दल माफीबिफी मागितली नाही, ते त्या पिढीला जमत नाही. पण एकदा माझी एक मावशी आली असता चिवड्याची बशी पुढे करून ते उगाचच म्हणाले, "ही आमची वर्गसमीकरणं सोडवती." मावशीला वाटलं, आत्यांना कसला तरी आजार झालाय.

गणिताच्या पेपरच्या सकाळी मी उठले तर मामा घरात नव्हते. फिरायला गेले असतील म्हणून खिडकीतून पाहिलं. ते खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर बसले होते. डोक्यात हेल्मेट होतं, बंद पट्ट्यासकट. आमच्या गल्लीत हेल्मेट घातलेलं माणूस दिसलं की लोक कुणी परगावचं आलंय असं समजतात. केंद्र स्कूटरने फार लांब नव्हतं आणि पेपरला अजून कितीतरी अवकाश होता. खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, "काय मामा, कुठं?" मामा म्हणाले, "निघालोय." मी त्यांचा एवढ्या वर्षांतला पहिला खरा 'निघालोय' ऐकला, फक्त गाडी जागची हलली नव्हती.

आत्या देवापुढे होत्या. पूजा झाली, भस्म लावून झालं, पॅड घेतलं, पेन तपासले, मग पुन्हा देवापुढे गेल्या. माझा जीव टांगणीला लागला होता. खालून हॉर्न वाजला. मग हाक आली, "अगंऽ!"

"निघालोच की!" आत्या आतून ओरडल्या.

आणि जागच्या जागी थबकल्या. आपण काय बोललो हे त्यांना आणि मला एकदमच कळलं. त्या पदराने तोंड झाकून हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी खिडकीतून खाली सांगितलं, "येतायत, मामा." हेल्मेटमधून आवाज आला, "न किती धरू?"

वेळेत पोचले ते. वेळेच्या कितीतरी आधी पोचले, इतके की केंद्रावरचा शिपाई त्यांना कुणा विद्यार्थ्याचे आजी-आजोबा समजून सावलीत बसवत होता. पेपर सुटला तेव्हा मी क्लास बुडवून गेटपाशी उभी होते. पोरांच्या लोंढ्यातून आत्या आल्या, पॅड छातीशी धरून. मी विचारलं, "सायकलवाला होता का?"

"न्हाय. आगगाडी हुती. दोन उत्तरं आली."

"मग?"

"उणे गाडी सोडून दिली," आत्या म्हणाल्या.

निकाल लागला तेव्हा गणितात काठावर का होईना, पास होत्या. मी मोबाइलवर आकडा दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला, मग मामांना दाखवायला लावला. मामांनी तो जरा जास्तच वेळ पाहिला. मग आत्या म्हणाल्या, "आप्पास्नी फोन लाव."

तिकडे आत्यांच्या भावजयीने फोन आप्पांच्या कानाशी धरला. आप्पा ओरडून बोलतात, म्हणून आम्हां सगळ्यांना ऐकू येत होतं.

"आप्पा, मी. गणितात पास झालो."

"कोण?"

"मी, आप्पा. गणिताचा पेपर दिला."

बराच वेळ नुसताच श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आज त्यांना ओळख लागत नाहीये, ठेवावा फोन. मग आप्पा म्हणाले, "येळंत पोचलीस न्हवं?"

"पोचलो, आप्पा."

"मी निघालोच हुतो, बाळ."

"व्हय, आप्पा. ठावं हाय मला."

फोन ठेवून त्या टेबलाशी येऊन बसल्या. मी चहाचं आधण ठेवलं आणि किती कप म्हणून विचारलं. मामा खाली बघत म्हणाले, "मला नको." वीस वर्षांत त्यांनी चहाला नको म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते.

"घ्या की," आत्या म्हणाल्या. "आता मला कुठं जायाचं न्हाय."